बिल्ला नंबर एक्केचाळीस

करमाड,
१० सप्टेंबर २०२३

सूर्यभानदादांना नूरमोहम्मदचा सलाम,

तुम्हाला फोन लावून लावून थकलो. दर वेळेस बानावहिनींनी उचलला आणि सांगितलं, कानाचं यंत्र शिट्टी मारतं म्हणून तुम्ही ते डब्यात ठेवून दिलंय. एकोणीस वर्षं आपण दोघं शेंद्र्याच्या कारखान्यात, पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेस शॉपमधे शेजारी-शेजारी उभे राहिलो. माझे कान कसेबसे वाचले, तुमचे गेले. म्हणून हे पत्र. करमाडच्या शाळेतल्या गुरुजींनी माझं अक्षर छडी घेऊन घोटून घेतलं होतं, ते आज कामाला आलं.

जुलैत तुम्ही रिटायर झालात त्या दिवशी मी हार घेऊन गेटबाहेर उभा होतो. मला एप्रिलमधेच काढून टाकलेलं, त्यामुळं आत सोडत नव्हते. नंतर कळलं की तुम्हाला कंपनीच्या गाडीनं मागच्या गेटनं नेलं. हार मग तुमच्या भाभीनं, अख्तरीनं, वेशीजवळच्या दर्ग्यावर चढवला.

मी कामगार न्यायालयात केस टाकलीय. वकील करुणाताई म्हणतात, जे घडलं ते पहिल्यापासून लिहून काढा, साक्षीदाराची आणि तुमची आठवण जुळते का बघा. साक्षीदार म्हणजे तुम्ही. तर ऐका.

दर शुक्रवारी मी जेवणाच्या सुट्टीत न जेवता शेंद्रा गावातल्या मशिदीत नमाजला जायचो आणि सुट्टी संपल्यावर पंधरा मिनिटं उशिरा यायचो. ती पंधरा मिनिटं माझ्या प्रेसच्या खुंटीवर तुमचा पितळी बिल्ला असायचा, नंबर एक्केचाळीस. ज्याचा बिल्ला खुंटीवर, मशीन त्याच्या जिम्म्यात, हा आपल्या शॉपचा कायदा. चंपाषष्ठीला तुम्ही शहराजवळच्या साताऱ्याच्या खंडोबाला जायचात, तेव्हा डबल ड्यूटी करून तुमची प्रेस मी चालवायचो, माझा सत्तेचाळीस नंबर तुमच्या खुंटीवर लावून. दिवाळीत मी, ईदला तुम्ही. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक मॅनेजरला माहीत होतं.

१८ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. नव्या प्रेसची पूजा होती त्या दिवशी. मी निघालो तेव्हा तुम्ही बिल्ला लावलात, मी डोळ्यांनी पाहिलं. परत आलो तर एचआरचे नवे ऋतुराज साहेब माझ्या खुंटीचा मोबाइलवर फोटो काढत होते आणि खुंटी रिकामी. तुम्ही मागून आलात, कपाळाला कुंकू, हातात प्रसाद. म्हणालात, आत्ताच दोन मिनिटांसाठी हललो होतो, बिल्ला कुणी काढला कळंना. माझा पक्का संशय त्या साहेबांवर आहे.

पुढं चौकशीत तुमच्या सहीचा जबाब आला, सगळा इंग्रजीत. त्यात लिहिलं होतं की मशीन बेवारस होतं. तुम्हाला इंग्रजी कुठं येतं? फसवून सही घेतली, हे मी चौकशीवाल्यांना ओरडून सांगितलं. त्याच जबाबावर मला काढलं.

दादा, तुम्ही फक्त येऊन खरं काय ते सांगा. बिल्ला तुमचा होता, एवढंच. मला नोकरी परत पाहिजे. निवृत्तीला सहा वर्षं आहेत आणि मला गेटमधून ताठ मानेनं बाहेर पडायचंय.

वहिनींना सलाम, तुमच्या पोराला, अंगदला आशीर्वाद. तो अजून आपल्या कंपनीत ट्रेनीच आहे ना?

तुमचा,
नूर

*

फर्दापूर,
२ ऑक्टोबर २०२३

नूरभाई, राम राम.

पत्र पोचलं. तुझं अक्षर बघून बानाबाई म्हणली, हे तर तलाठ्याचं असल. माझं समजून घे, मी सातवीत शाळा सोडली.

इथं बरं चाललंय. भावाची शेळ्या-मेंढरं हायेत, मी सकाळी घेऊन निघतो. दोन शेळ्या व्याल्या. लेण्या बघायला येणारे लोक फाट्यावर उतरतेत, तिथं बानाबाई भाजलेले कणसं विकती. पावसानं यंदा कपाशी बसली.

तू म्हणतोस ते खरंच हाय. कागद इंग्रजीत व्हता. सही माझीच, पण आत काय लिहिलं ते मला कुठून कळणार. साहेब लोकांनी पुढं धरला, मी केली. फसलो बघ.

पण कोर्टात येऊन मी काय करू सांग. जज्ज विचारणार एक, मला ऐकू येणार दुसरंच. तुझंच नुकसान होईल. अंगद हाय ट्रेनी, दोन वर्षं झाली, बघू कधी परमनंट करतेत.

भाभीला नमस्कार सांग. तिच्या हातची दालचा-रोटी आठवती.

सूर्यभान

*

करमाड,
२० नोव्हेंबर २०२३

सूर्यभानदादा, सलाम.

कानाचं काही काढू नका. मी करुणाताईंना विचारलं. कोर्ट प्रश्न कागदावर लिहून देतं, तुम्ही वाचून उत्तर द्यायचं. आणि तुम्ही किती बहिरे आहात ते मला माहीत आहे. कँटीनमधे कुणी जिलेबी म्हटलं की तुम्हाला पहिलं ऐकू जायचं.

मी ताईंना सरळ विचारलं, की मी मुसलमान म्हणून मला काढलं असं लिहून टाकू का? त्या म्हणाल्या, लिहा, पण खासगी कंपनीपुरता तसा सरळ रस्ता कायद्यात नाही. संविधानातली ती कलमं सरकारी नोकरीत उपयोगी पडतात. आपल्याला आडवाटेनं जावं लागतं. खोटं कारण दाखवून काढलं, फुटकळ चुकीला मोठी शिक्षा दिली, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, याला अनुचित कामगार प्रथा म्हणतात आणि त्याची तक्रार कामगार न्यायालयात करता येते. साहेबाच्या मनात काय होतं ते कोर्टाला दिसत नाही. दोन माणसांना दोन तऱ्हेनं वागवलं का, ते दिसतं. पण ते सांगायला बघणारा माणूस लागतो.

आता बघा. त्या दिवशी पूजेसाठी चाळीस मिनिटं सगळ्या प्रेस बंद होत्या, सगळे प्रसादाला. एकालाही मेमो नाही. माझ्या पंधरा मिनिटांना चार्जशीट. पण मी तेव्हा मशिदीत, मी कसा सांगणार? शॉपमधल्या सात जणांच्या घरी जाऊन आलो. सगळ्यांनी चहा दिला आणि हात जोडले. कडुबानं तर दारातच सांगितलं, चाचा, पोरं लहान आहेत. मला त्याचा राग आला नाही.

ताई म्हणतात समन्स काढू. मी नको म्हटलं. तुम्हाला बेलिफ पाठवून बोलवायचं, इतके दिवस वाईट आलेले नाहीत.

आम्ही वेशीजवळ पिठाची गिरणी टाकलीय. अख्तरी दळणं घेते, मी पट्टा बघतो. शुक्रवारी नमाजपुरती बंद ठेवतो, तेवढा वेळ डबे रांगेत थांबतात.

उत्तराची वाट बघतो.

नूर

*

फर्दापूर,
१४ जानेवारी २०२४

नूरभाई,

संक्रांतीचा तिळगूळ अंगदच्या हातून पाठवलाय, घे. बानाबाईचा गुडघा धरलाय, तिला सोडून निघता येत नाय. यायचं बघतो. तू घाई करू नको.

सूर्यभान

*

करमाड,
९ ऑगस्ट २०२४

सूर्यभानदादा, सलाम.

तिळगूळ मिळाला होता. अंगद अर्धा तास बसला, दळण टाकायला मदत केली, चाचा चाचा करत होता. कामाचं विचारलं तर बोलला नाही. मीही जास्त विचारलं नाही. त्याच्या बारावीच्या वेळेस माझ्या डब्यातल्या दोन रोट्या तुमच्या हाती त्याच्यासाठी ठरलेल्या असायच्या, त्याची आठवण काढून हसलो.

सात महिने तुमची ओळ नाही. वहिनींचा गुडघा आता बरा असेल.

गेल्या महिन्यात ऋतुराज साहेबांची उलटतपासणी झाली. ताईंनी विचारलं, पूजेच्या वेळी मशीन कुणी सांभाळल्या? ते म्हणाले, पूजा कंपनीचा कार्यक्रम होता, परवानगीनं होता, नमाज हा यांचा खासगी मामला. ताईंनी विचारलं, बिल्ल्याची पद्धत माहीत आहे का? म्हणाले, अशी काही पद्धत नाही, आणि असली तरी खुंटी रिकामी होती, हा फोटो. मग तुमचा जबाब पुढं केला. कंपनीचा सर्वांत जुना कामगार स्वतः सांगतो, असं म्हणाले. मी मागच्या बाकावर बसलो होतो. तुमची ती सही, शेवटी शेपूट काढलेली, मला लांबून दिसली. फार तकलीफ झाली.

घरी येऊन अख्तरीला सांगितलं. ती पीठ चाळता चाळता म्हणाली, सूर्यभानभाऊ दोन मिनिटांसाठी हलले होते तर त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं कधी आणि प्रसाद हातात आला कधी? पूजा काय दोन मिनिटांत होते? मी तिच्यावर भडकलो. एकोणीस वर्षं ज्याच्या भरवशावर मी मशीन सोडली त्याच्यावर संशय घेतेस, म्हटलं. बायकांना काही पण सुचतं.

आपला पुरावा आता सुरू होईल. या दादा.

नूर

*

फर्दापूर,
१५ डिसेंबर २०२४

नूरभाई,

चार महिने तुझं पत्र उशीखाली ठेवून झोपायलो. तू भाभीवर भडकलास ते चुकलास. तिची माफी माग. ती म्हणती तेच खरं हाय.

आठ दिवसांपूर्वी चंपाषष्ठी झाली. मी साताऱ्याला गेलो नाय. देवाम्होरं भंडारा उधळायला हातच उचलंना. आता सगळं लिहून टाकतो, तू मग काय करायचं ते कर.

त्या शुक्रवारी तुझ्या खुंटीवर बिल्ला मीच लावला. तू गेलास. पावणेदोनला ऋतुराज साहेब सोता माझ्याकडं आला. खांद्यावर हात ठेवला आन् म्हणला, तुम्ही शॉपमधले सगळ्यात जुने, नव्या मशीनचा नारळ तुमच्या हातनं फुटला पाहिजे. मी बोटानं दाखवलं, या मशीनवर माझा बिल्ला हाय, नूर येईपर्यंत मला हलता येत नाय. तर म्हणला, पाच मिनिटांनी काय होतंय, चला. म्हंजी त्याला बिल्ला माहीत व्हता. कोर्टात तो खोटं बोलला.

मी जायला नको व्हतं. पण नूर, मला लई बरं वाटलं रे. मेंढरामागं फिरणाऱ्याचा पोरगा मी. सत्तावीस वर्षांत कुण्या साहेबानं मला पुढं बोलावलं नव्हतं, नाव घेतलं तर ओरडायलाच. ब्राह्मणानं मला पाटावर बसवलं, सगळा शॉप मागं उभा. तुझी मशीन मी विसरलो. खरंच विसरलो.

नारळ फोडून वळून बघतो तर साहेब मोबाइल घेऊन तुझ्या प्रेसकडं निघालेला. माझ्या ध्यानात आलं, मशीन बेवारस आन् बिल्ला माझा, म्हंजी मेमो मला. रिटायर व्हायला आठ महिने राहिलेले. मी मधल्या गल्लीतनं पळत गेलो, त्याच्या आधी पोचलो आन् बिल्ला काढून खिशात टाकला. त्यानं रिकाम्या खुंटीचा फोटो काढला. मग तू आलास. तुला खोटं सांगितलं तेव्हा बिल्ला माझ्या खिशात व्हता, हातानं धरून ठेवला व्हता मी.

जबाबाचं पण ऐक. कागद इंग्रजीतला, पण साहेबानं माझ्या कानाशी तोंड लावून एकेक ओळ मराठीत सांगितली. मला समजलं. समजून सही केली. सही झाल्यावर म्हणला, अंगद आपलाच मुलगा आहे, त्याचं बघू आपण. तू मला फसलेला समजलास आन् मी तुला तसंच समजू दिलं. ते मला सोपं पडलं.

रिटायर होताना बिल्ला जमा करावा लागतो. मी हरवला म्हणून लिहून दिलं. तो माझ्या ट्रंकेत हाय, धोतराच्या घडीत. मागच्या गेटनं मला कुणी नेलं नाय. तू हार घेऊन उभा हायेस हे वॉचमननं सांगितलं, म्हणून मीच म्हणलो मागनं सोडा.

तुझ्यापुढं उभं राहायचं तोंड नाय मला.

सूर्यभान

*

करमाड,
६ जानेवारी २०२५

सूर्यभान दादा,

पत्र वाचलं. एका बाईचं ज्वारीचं दळण दुसरीच्या गव्हात मिसळलं, तिनं शिव्या दिल्या, त्या पण ऐकून घेतल्या. अख्तरीची माफी मागितली. तिनं तुमचं पत्र दोनदा वाचलं.

मला राग किती आला ते लिहीत नाही, कारण लिहायला बसलो तर हे पत्र कधी पोस्टात पडणार नाही. नोकरी गेल्याचं दुःख मी सोसलं होतं. तुम्ही त्या खिशातल्या बिल्ल्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत होता, ते मला सोसवत नाही. मी सात घरं फिरलो. कडुबानं निदान तोंडावर नाही म्हटलं.

पण तुम्ही लिहिलंत. नसतं लिहिलं तर मला जन्मात कळलं नसतं. ते मी मोजतो.

आता ऐका. बुधवारी, १२ फेब्रुवारीला, अकरा वाजता आमचा पुरावा संपतो. त्यानंतर साक्षीदार घेणार नाहीत असं कोर्टानं सांगून ठेवलंय. तुम्ही या. बिल्ला घेऊन या. साहेबानं तुम्हाला खांद्यावर हात ठेवून माझ्या मशीनवरून पूजेला नेलं, एवढं एक वाक्य तिथं बोला. करुणाताई ज्याला एकाला एक न्याय म्हणतात ते याहून उघड काय असणार? मी नमाजला गेलो तर मशीन बेवारस. त्याच मशीनवरून साहेबांनी तुम्हाला पूजेला नेलं तर ती परवानगी.

तुमचं पत्र मी त्यांना दाखवलेलं नाही. ते माझ्या कुर्त्याच्या खिशात आहे आणि त्यात अंगदचं नाव आहे. कागद कोर्टात गेला की अंगदही जातो. तुम्ही स्वतः आलात तर पोराचं नाव न घेता बोलता येईल. म्हणून म्हणतो, तुम्हीच या.

मी कोर्टाच्या गेटजवळच्या लिंबाखाली थांबेन.

नूरमोहम्मद

*

फर्दापूर,
३ मार्च २०२५

नूरभाई,

तू लिंबाखाली किती वेळ थांबलास? मी निघालो व्हतो, खंडोबाची आण घेऊन सांगतो. बिल्ला रुमालात बांधून बंडीच्या खिशात घेतला. बानाबाईनं भाकरी बांधून दिली. सकाळच्या एसटीनं सिल्लोडपर्यंत आलो.

दोन दिवस आधी, सोमवारी, अंगदचं परमनंटचं पत्र आलं. तीन वर्षं वाट बघितली पोरानं. त्यानं पत्र देव्हाऱ्यात ठेवलं आन् माझ्या पाया पडला. सिल्लोडच्या स्टँडवर शहराची गाडी लागली, तेव्हा माझ्या डोळ्यापुढं तेच. गाडी भरली, गेली. दुसरी लागली. ती पण गेली. मी बाकड्यावर बसून राहिलो, उठायचं म्हणलं तरी उठवंना. साडेअकराला परतीच्या गाडीत बसलो. कंडक्टर काय तरी विचारायला लागला, मला ऐकू येईना, त्यानं पाटीकडं बोट दाखवलं, मी मान हलवली.

भाकरी तशीच घरी आणली. बानाबाईनं विचारलं, काम झालं का. मी व्हय म्हणलो.

तुला वाटंल ते बोल. पत्र कोर्टात द्यायचं तर दे. मी अडवणार नाय.

सूर्यभान

*

करमाड,
२८ ऑगस्ट २०२५

सूर्यभानदादा,

निकाल लागला. एकवीस तारखेला. तुम्हाला वर्तमानपत्रात दिसणार नाही, एवढा मोठा नाही तो. म्हणून कळवतो.

कोर्टानं लिहिलंय की चौकशी रीतसर झाली. मशीन बेवारस होतं, हे कंपनीच्याच ज्येष्ठ कामगाराच्या जबाबावरून सिद्ध होतं आणि त्या जबाबाला खोडून काढणारं काही समोर आलेलं नाही. पूजेच्या वेळी इतरांना वेगळी वागणूक दिली हा आरोप गंभीर आहे, असंही लिहिलंय. तो शब्द वाचून मी थोडा सावरून बसलो. पण पुढं, प्रत्यक्ष पाहणाऱ्या एकाही साक्षीदाराअभावी तो सिद्ध होत नाही. मात्र पंधरा मिनिटांच्या गैरहजेरीला बडतर्फी ही फार मोठी शिक्षा आहे. म्हणून भरपाई द्यावी. नोकरी परत नाही.

तेवीस पानांत नमाजबद्दल निष्कर्षाची एक ओळ आहे, तक्रारदार वैयक्तिक कारणासाठी बाहेर गेला होता. मी कोर्टाला दोष देत नाही. जे समोर आलं त्यावर त्यांनी लिहिलं. करुणाताई म्हणाल्या, नूरभाई, एक माणूस हवा होता. मी मान खाली घातली. त्या वेळेस पण पत्र माझ्या खिशात होतं.

मार्चपासून ते देण्याचा विचार मी रोज केला. तुम्ही तर परवानगीच दिली होती. एकदा ताईंच्या टेबलापर्यंत हात नेला. मग तुमची ती ओळ आठवली, अंगद आपलाच मुलगा आहे, त्याचं बघू. ती वाचून कोर्टानं काय केलं असतं, कंपनीनं त्या पोराचं काय केलं असतं? माझ्या डब्यातल्या रोट्या खाल्लेलं पोरगं ते. तुम्ही त्याच्यासाठी मला सोडलंत. मग मी पण त्याच्यासाठीच गप्प बसलो. आपण दोघांनी मिळून त्याला परमनंट केलं म्हणा.

अजून एक होतं. कागदानं मी जिंकलोही असतो. पण मला तिथं तुम्ही उभे पाहिजे होता. त्या दिवशी मी लिंबाखाली दीड वाजेपर्यंत होतो.

तुमचं पत्र सोबत परत पाठवतो. सांभाळा किंवा चुलीत घाला. माझ्याकडं आता त्याचं काम नाही.

नूर

*

फर्दापूर,
७ ऑक्टोबर २०२५

नूरभाई,

तुझं पाकीट अंगदच्या हाती पडलं. दसऱ्याला आला व्हता. आत माझंच अक्षर बघून त्यानं वाचलं.

दोन दिवस तो जेवायला पण बाहेर ओट्यावर बसायचा. तिसऱ्या दिवशी माझ्याजवळ येऊन, कानाशी नाय, समोर उभा राहून, हळूहळू बोलला, मला ओठ वाचता यावे म्हणून. म्हणला, "आबा, मला एकदा विचारायचं तरी. मीच तुम्हाला गाडीवर बसवून नेलं असतं."

नूर, ज्याच्यापायी मी हे केलं त्यानं ते मागितलंच नव्हतं. मी त्याला कधी विचारलंच नाय. मला वाटलं, बापाला कळतं. आता मला रात्रंदिवस तेवढंच वाक्य ऐकू येतंय, दुसरं कायच नाय.

दुसऱ्या दिवशी तो मला मोटारसायकलवर शहरात करुणाताईकडं घेऊन गेला. मी पत्र आन् बिल्ला त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला. मग कागदावर लिहून दिलं, वरच्या कोर्टात गेलं तर ते खालच्या कोर्टासमोर आलेले कागदच बघतं, नवी साक्ष आता कुणी घेईल असं वाटत नाही, फेब्रुवारीत यायला हवं होतं. खाली एक रेघ ओढून लिहिलं, नूरभाईंना तुम्ही आलात हे मी सांगू का? मी म्हणलो, मीच सांगतो.

बिल्ला त्यांनी परत दिला. कंपनीत जमा करावा तर तिथं मी हरवला म्हणून लिहून दिलंय.

आता एक मागायचंय. तू लिहिलं व्हतंस की शुक्रवारी नमाजपुरती गिरणी बंद ठेवतोस आन् लोकांचे डबे ताटकळतेत. मी दर शुक्रवारी पहाटेच्या गाडीनं येतो. तू नमाजला जा, गिरणी मी बघतो. पट्टा, जातं, सगळं शिकून घेईन, प्रेसपेक्षा काय अवघड असणार. गिरणीच्या आवाजाचा मला त्रास नाय, मला तो ऐकूच येत नाय. बिल्ला तुझ्या खुंटीवर लावीन. या वेळेस कुणी नारळ फोडायला बोलावलं तरी हलणार नाय.

तू व्हय म्हण फक्त.

सूर्यभान

*

(पोस्टकार्ड)

करमाड,
१५ ऑक्टोबर २०२५

सूर्यभानदादा, सलाम.

करुणाताईंना तुम्ही भेटलात हे वाचून अख्तरी रडली. मला रडू आलं नाही, पण बरं वाटलं. अंगदला सांगा, तो त्याच्या जागी नीट राहो, कुणासाठी काही सोडू नको म्हणावं.

गिरणी शुक्रवारी बंदच असू द्या. डबे थांबतात, लोकांना सवय झालीय. ती पंधरा मिनिटं आता मी कुणाच्या भरवशावर ठेवत नाही. रागावू नका, तुमच्यापुरतंच असं नाही, कुणावरच सोडायला जमत नाही मला.

तुम्ही शनिवारी या. अख्तरी दालचा करते.

नूर